बदनाम जातीचं कुत्रं आणि घरातलं ‘नको’

रॉटवायलरचं पिल्लू दोन महिन्यांचं असलं तरी हाताला जड लागतं. मस्तगडला धाकट्या भावाच्या घरी ते आलं तेव्हा पुतण्याने ते दोन्ही हातांनी छातीशी धरलं होतं. गळ्यात लाल दोरी होती. आई ओसरीवर ज्वारी निवडत बसली होती. तिने पिल्लाकडे पाहिलंच नाही. पुतण्याकडे पाहून म्हणाली, “कुणाला विचारून आणलंस?”

त्यानंतर पंधरा दिवस घरात जे काही बोललं गेलं ते सगळं कुत्र्याच्या जातीवर. ही जात मालकावर उलटते, मोबाइलवर पाहिलंय, सरकारनेच बंदी घातलीय, शेजारच्या लेकराला काही झालं तर तोंड कुठं दाखवायचं. पुतण्या दर वेळी जातीचंच वकीलपत्र घ्यायचा. आईचा पहिला प्रश्न मात्र पुन्हा कुणीच उचलला नाही. तोडगा काढायला मला बोलावलं, तेव्हा मी दोन्ही बाजू ऐकल्या, पशुवैद्यांना विचारलं, कायदा वाचला, आणि अशी कुत्री वर्षानुवर्षं सांभाळणाऱ्या काही घरांत जाऊन बसलो. त्यातून जे हाती लागलं ते इथे मांडतो आहे. माझं मत आधीच सांगून टाकतो. घरातलं ‘नको’ हे वरवर जातीला असतं, पण त्याच्या मुळाशी बहुतेक वेळा एकच प्रश्न असतो: याचं सगळं करणार कोण, आणि उद्या काही झालं तर पुढे उभं कोण राहणार? त्या प्रश्नाला जातीची वंशावळ सांगून उत्तर मिळत नाही.

मस्तगड हा जालन्याच्या जुन्या वस्तीचा भाग. निजाम-उल-मुल्क असफजाहच्या हुकुमावरून काबिलखानाने १७२५ मध्ये इथे गढी बांधली. आमच्या गल्लीत घरांच्या भिंती एकमेकींना लागून आहेत. एका घरात तांब्या पडला तर दुसऱ्या घरात कळतं. आवार नाही, फाटक नाही. उंबरठा ओलांडला की गल्ली आणि गल्लीत खेळणारी लेकरं. नळाला रोज पाणी येत नाही. मे महिन्यात पारा चाळिशी केव्हाच ओलांडतो. अशा घरात काळ्या दाट केसांचा, पूर्ण वाढ झाली की पन्नास किलोंच्या पुढे जाऊ शकणारा नर कुत्रा यायचा होता. आईने रॉटवायलर हे नाव आयुष्यात ऐकलं नव्हतं, पण हे सगळं गणित तिला एका नजरेत दिसलं होतं.

आमच्या घराला कुत्र्याचं वावडं होतं असं मुळीच नाही. शेतात आखाड्यावर कायम एक तरी कुत्रं असायचं. त्याला भाकर टाकायची, ते राखण करायचं, आणि हिशेब तिथेच फिटायचा. मराठवाड्यात जुनी श्वानपरंपरा आहे. लातूर जिल्ह्यातलं जानवळ हे गाव कारवानी कुत्र्यांसाठी ओळखलं जातं. सडपातळ, लांब तोंडाचं, वाऱ्यासारखं पळणारं हे कुत्रं. त्याचाच भाऊबंद मुधोळचा. मुधोळच्या मालोजीराजे घोरपड्यांनी ती जात जोपासली, आणि २००५ मध्ये टपाल खात्याने तिचं तिकीट काढलं. पण कारवानी असो की गावठी, कुत्र्याची जागा ठरलेली होती. ती उंबरठ्याच्या बाहेर. पुतण्याने एकाच दिवशी दोन रेघा ओलांडल्या. कुत्रं घरात आणलं, आणि आणलं तेही बदनाम जातीचं. या दोन हरकती वेगळ्या आहेत. त्या एकत्र मिसळल्या की भांडण सुटत नाही, म्हणून त्या आधी वेगळ्या करायला हव्यात.

पहिली हरकत सोवळ्या-ओवळ्याची. तिला जुनाट म्हणून झटकणाऱ्या मुलांना मी सांगेन की तुमच्या आजीचा धर्म तुमच्याच बाजूचे दाखलेही देतो. दत्ताच्या पायाशी चार कुत्री आहेत. खंडोबाचे वाघ्ये स्वतःला देवाची कुत्री मानतात, कोटंब्यात घेतलेला प्रसाद त्या भावाने खातात. भाकरी पळवणाऱ्या कुत्र्यामागे नामदेव तुपाची वाटी घेऊन धावले, ही गोष्ट आमच्या भागात शेंबड्या पोरालाही ठाऊक असते. साताऱ्याजवळ संगम माहुलीला छत्रपती शाहूंच्या खंड्या नावाच्या कुत्र्याची समाधी दाखवतात. वाघापासून त्याने राजाचा जीव वाचवला असं सांगतात. रायगडावर १९३६ मध्ये उभारलेल्या वाघ्याच्या पुतळ्याचा इतिहास खरा की आख्यायिका, यावर आजही वाद आहे, पण त्या वादाची धग पाहिली तरी मराठी मनात कुत्र्याला केवढी जागा आहे ते कळतं. आणि त्याच भाषेत ‘कुत्र्याच्या मौतीनं मरणे’ ही सगळ्यांत वाईट गत मानली जाते. इमानाचा दाखला कुत्र्याचा आणि अपमानाची शिवीही कुत्र्याचीच. आमच्या मुसलमान शेजाऱ्यांच्या घरीही काहीशी अशीच ओढाताण आहे. कुत्र्याची लाळ नापाक, घरात ठेवू नये. पण राखणीला, शिकारीला, गुरांना मुभा, आणि कुराणातल्या, गुहेत झोपी गेलेल्या सज्जनांच्या गोष्टीत दारावर कुत्राच बसलेला. मुंबईत इंग्रज सरकारने मोकाट कुत्री मारण्याचा हुकूम काढल्यावरून ६ जून १८३२ रोजी पारशी समाज रस्त्यावर उतरला होता, कारण त्यांच्या अंत्यविधीत कुत्र्याच्या नजरेला स्थान आहे. कुत्र्याची पायरी प्रत्येक समाजाने आपापली ठरवलेली आहे, आणि ती कुणी एका दिवसात बदलून दाखवावी अशी अपेक्षा करणं अन्यायाचं आहे.

या हरकतीवर तोडगा निघतो, कारण ती जागेची हरकत आहे. आमच्याकडे ठरलं की देवघर, स्वयंपाकघर आणि आईची खोली या तिन्हींत कुत्रं जाणार नाही. मधल्या दाराला गुडघ्याच्या वर येईल अशी लाकडी फळी बसवली. पहिले तीन महिने पिल्लू शहाबादी फरशीवर कुठेही मुतायचं. आईची पूजा सहाला, म्हणून पुतण्या पाचला उठून फिनेलने फरशी पुसायचा. एका सकाळी त्याला जाग आली नाही. आई ओसरीवर उभी राहिली, कुणाला हाक मारली नाही, पूजाही केली नाही. दुपारपर्यंत तिने पाणी घेतलं नाही. त्यानंतर पुतण्याने गजर दोन लावले. इतकी वकिली करून जे साधलं नव्हतं, ते त्या दुसऱ्या गजराने थोडंफार साधलं, असं मला वाटतं.

आता जातीची हरकत. मराठीत आपण कुत्र्याची ‘जात’ म्हणतो आणि त्या शब्दाबरोबरच स्वभाव जन्मजात ठरवून टाकतो. बदनामीची ही टोपी मात्र दर पिढीला वेगळ्या कुत्र्याच्या डोक्यावर असते. आमच्या लहानपणी डॉबरमन बदनाम होता. त्याचा मेंदू वाढत जातो, कवटी लहान पडते आणि मग तो वेडा होऊन मालकाला फाडतो, असं शाळेत एकमेकांना सांगायचो. यात तिळमात्र तथ्य नाही. जर्मनीतल्या अपोल्डा गावात कार्ल फ्रीडरिश लुई डोबरमान हा करवसुली करणारा माणूस होता. सोबतीला राखणदार हवा म्हणून त्याने ही जात घडवली. मुंबई पोलिसांचं श्वानपथक १९५९ मध्ये सुरू झालं ते डॉबरमनवरच. रॉटवायलरचं नाव जर्मनीतल्या रॉटवाइल गावावरून पडलं. खाटिकांची गुरं बाजारात हाकत नेणारं हे कुत्रं, म्हणजे आपल्या धनगराच्या कुत्र्याच्या कामाचं. पिटबुलची कहाणी जास्त काळी आहे. इंग्लंडमध्ये बांधलेल्या बैलावर कुत्री सोडण्याचा खेळ चालायचा. तो १८३५ मध्ये कायद्याने बंद झाला, तेव्हा शौकिनांनी कुत्र्यांचीच झुंज लावायला सुरुवात केली. पकड घट्ट, माघार न घेणारं असं कुत्रं त्यासाठी पैदा केलं गेलं. त्याचा जबडा कुलपासारखा अडकतो ही समजूत खोटी आहे, तशी कळ कुठल्याच कुत्र्याच्या जबड्यात नसते. पण ते पकड सहजी सोडत नाही, हे खरं आहे.

विज्ञान काय म्हणतं? ‘सायन्स’ या नियतकालिकात एप्रिल २०२२ मध्ये एक मोठा अभ्यास आला. १८,३८५ कुत्र्यांच्या मालकांना वागणुकीबद्दल विचारलं आणि त्यांतल्या २,१५५ कुत्र्यांचा जनुकक्रम वाचला. एका कुत्र्याच्या वागण्यात आणि दुसऱ्याच्या वागण्यात जो फरक दिसतो, त्यातला सरासरी ९ टक्के फरक तेवढा जातीने समजावता आला. पुतण्याने हा आकडा घरात एखाद्या निकालपत्रासारखा फिरवला. पण त्याने अर्धीच गोष्ट सांगितली. स्वभाव जातीवरून ठरत नाही हे मान्य. चावा बसलाच तर तो किती खोल जाईल हे मात्र जबडा आणि वजन ठरवतं. पामेरियन चिडलं तर टाके पडतात. पन्नास किलोंचं कुत्रं चिडलं तर माणूस जाऊ शकतो. म्हणून अशा कुत्र्याच्या मालकाला चुकायची मुभा कमी असते. हे कबूल न करता वाद घालणारा मालक घरच्यांचा विश्वास गमावतो, आणि तो गमावलाच पाहिजे.

गंमत म्हणजे या बाबतीत सगळ्यांत शहाणं बोलले ते आमच्या घरातले वडीलधारे अण्णा, ज्यांनी तो अभ्यास वाचला नव्हता. अण्णांनी जन्मभर बैल सांभाळले. देवणी गरीब, खिलार तापट, हे शेतकऱ्याला कुणी शिकवावं लागत नाही. तरी देवणीतही एखादा मारका निघतो आणि खिलारातही एखादा लेकरांना शिंगं धरू देतो, हेही त्याला ठाऊक असतं. अण्णा पुतण्याला म्हणाले, “खिलार गरीब आहे म्हणून कोण घेत नाही. सांभाळता येतो म्हणून घेतात. तुला येतो का, तेवढं सांग.” एवढ्या वाक्यात जातीचा प्रश्न त्याच्या योग्य जागी जाऊन बसला. जात ही सूचना आहे. तिच्याकडे पाहून दावं किती जाड घ्यायचं ते ठरवायचं असतं.

कुत्र्याच्या तोंडाला जाळी लावायची म्हटल्यावर सून, म्हणजे पुतण्याची आई, कळवळली होती. मुक्या जीवाला कशाला कोंडता, म्हणाली. अण्णांना पुतण्याने जाळी दाखवली. त्यांनी ती हातात फिरवून पाहिली आणि म्हणाले, “हे तर मुसकं.” खळ्यावर पात धरताना बैलाच्या तोंडाला मुसकं बांधतात, त्यात बैलाला त्रास होत नाही, श्वास घेता येतो. कुत्र्याचं मुसकंही तसंच हवं: टोपलीसारखं, ज्यात त्याला जीभ बाहेर काढून धापा टाकता येतील आणि पाणी पिता येईल. तोंड आवळून बांधणारी पट्टी उन्हाळ्यात जीवघेणी, कारण कुत्रं माणसासारखं अंगभर घामेजून गार होत नाही, ते धापा टाकून गार होतं. मुसक्याची सवय पिल्लू असतानाच, आत खाऊ ठेवून लावायची. मोठं झाल्यावर जबरदस्तीने घातलं तर ते भीतीचं निमित्त होतं.

सरकारने बंदी घातली आहे, हे वाक्य प्रत्येक घरात फेकलं जातं, म्हणून त्याची हकीकत नीट सांगायला हवी. १२ मार्च २०२४ रोजी केंद्राच्या पशुसंवर्धन विभागाने राज्यांना एक परिपत्रक पाठवलं. पिटबुल, रॉटवायलर, टोसा, डोगो अर्जेंटिनो, केन कोर्सो अशा २३ जातींची आयात, पैदास आणि विक्री थांबवावी, आणि जी घरात आधीच आहेत त्यांची नसबंदी करावी, असं त्यात होतं. यादीत ‘टेरियर’ आणि ‘मॅस्टिफ’ असे आख्खे गटच घातले होते, म्हणजे मांडीवर बसणारं टेरियरही त्यात आलं. कर्नाटक उच्च न्यायालयाने १० एप्रिल २०२४ रोजी हे परिपत्रक रद्द केलं. संबंधितांचं म्हणणं ऐकलं नाही, हा मुख्य आक्षेप होता. त्याच निकालात मालकांच्या जबाबदारीवरही न्यायालयाने बोट ठेवलं. त्याआधी ऑक्टोबर २०२२ मध्ये गाझियाबाद महापालिकेने पिटबुल, रॉटवायलर आणि डोगो अर्जेंटिनो या तिघांवर बंदी घातली होती. बाहेर पाहिलं तर ब्रिटनमध्ये १९९१ पासून काही जातींवर बंदी आहे आणि अलीकडे एक्सएल बुलीची तीत भर पडली. नेदरलँड्सने १९९३ मध्ये आणलेली पिटबुलवरची बंदी २००८ मध्ये मागे घेतली. बंदीने प्रश्न सुटतो की नाही यावर जगाचं एकमत नाही.

जातीवर बंदी असो वा नसो, मालकावर मात्र कायदा कायम आहे. भारतीय न्याय संहितेचं कलम २९१ सांगतं की आपल्या ताब्यातल्या जनावरापासून माणसाला धोका होऊ नये म्हणून पुरेशी काळजी घेतली नाही, तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. हे कागदावरच राहत नाही. मुंबईत नेपियन सी रोडवर २०१० मध्ये मालमत्तेवरून दोन नातेवाइकांत बाचाबाची झाली. त्यांतल्या एकाचा रॉटवायलर गाडीत होता, तो बाहेर आला आणि ७२ वर्षांच्या नातेवाइकाला तीनदा चावला. जानेवारी २०२३ मध्ये गिरगावच्या न्यायालयाने मालकाला तीन महिन्यांची कैद सुनावली. दुसरा खटला वरळीचा. २०१८ मध्ये एका इमारतीच्या लिफ्टमध्ये एक माणूस लहान मुलाला घेऊन उभा होता. कुत्रं आत आणू नका असं त्याने सांगितलं, तरी मालकाने ते ओढत आत आणलं आणि ते त्याला चावलं. मे २०२५ मध्ये मालकाला चार महिन्यांची शिक्षा झाली. ते कुत्रं हस्की होतं. २३ जातींच्या यादीत हस्की नाही. मानखुर्दला जुलै २०२५ मध्ये रिक्षात बसलेल्या ११ वर्षांच्या मुलावर पिटबुल सोडून मालक हसत बसल्याचं चित्रीकरण सगळ्यांनी पाहिलं, आणि तिथे तर कुत्र्याहून माणसाची भीती वाटली. तिन्ही ठिकाणी जाती वेगळ्या होत्या, साखळीचं टोक मात्र माणसाच्याच हाती होतं.

पण ज्या घटनेने मला सगळ्यांत अस्वस्थ केलं ती जुलै २०२२ ची, लखनौची. ८२ वर्षांच्या निवृत्त शिक्षिकेला घरच्याच पिटबुलने ठार केलं. कुत्रं मुलाच्या हौसेचं. तो सकाळी व्यायामशाळेत गेला होता आणि आई घरात एकटी होती. ही बातमी आली की एक पक्ष म्हणतो जात वाईट, दुसरा म्हणतो कुत्र्याला वाढवलं वाईट. मला त्यात दिसतं ते वेगळंच. ज्याने कुत्रं आणलं तो बाहेर होता, आणि त्या ताकदवान जनावरासोबत घरात उरली ती घरातली सगळ्यांत अशक्त व्यक्ती. आपल्याकडे घरोघरी हेच होतं. हौस विशी-पंचविशीतल्या मुलाची, दिवसाचे दहा तास तो कामावर, आणि कुत्र्यासोबत कोण? आई, आजी, लहान भावंडं. मग नकार देण्याचा पहिला हक्क कुणाचा? माझ्या मते जी व्यक्ती कुत्र्यासोबत एकटी राहणार आहे, तिचा. तिने नको म्हटलं तर तिथे चर्चा संपायला हवी, किंवा तिला एकटं राहावं लागणार नाही अशी सोय आधी दाखवायला हवी. हे मी पुतण्यालाही सांगितलं आणि त्याला ते लागलं.

कष्टांचं तर कुणी बोलतच नाही. कुत्र्याचं दूध-भाकर कालवायचं, भांडं घासायचं, केस झाडायचे, पाणी भरायचं, उलटी काढायची, ही कामं घरातल्या बाईच्या वाट्याला आपोआप येऊन पडतात. सुनेने मला एकदा भांडी विसळता विसळता सांगितलं, “भाऊजी, मला कुत्र्याची भीती नाही वाटत. मला अजून एक माणूस वाढलं असं वाटतं.” आठवड्यातून कधीतरी पाणी येणाऱ्या घरात कुत्र्याला अंघोळ घालायची म्हणजे कुणाच्या तरी वाट्याची बादली जाते. जालन्यात शाकाहारी कुटुंबं पुष्कळ आहेत, आणि तिथे अंडं घरात यायचं की नाही हाच मोठा पेच असतो. कुत्र्याला पिष्टमय अन्न लांडग्यापेक्षा चांगलं पचतं, माणसाच्या सोबतीने त्याचं पोट तसं घडलं आहे. तरी वाढीच्या वयातल्या मोठ्या कुत्र्याला नुसत्या भाकरीवर ठेवलं तर हाडं कच्ची राहतात. खर्चही आधी मांडून दाखवायला हवा: लसी, जंताचं औषध, वर्षाला रेबीजची लस, आजारपण.

जी मुलं-मुली घरच्यांचं मन वळवू पाहतात त्यांच्या दोन सवयी मी पाहिल्या. एक, कुत्र्याने बाळाला झोका दिल्याची चित्रफीत दाखवायची. आजीकडे तितकीच भयानक चित्रफीत तयार असते, आणि बरोबरी होते. दुसरी, आधी आणायचं, मग रडायचं. पिल्लाचा चेहरा बघून विरघळतील हा भरवसा. काही घरं विरघळतातही, पण पिल्लू आठ महिन्यांत मोठं होतं आणि नकार जिथल्या तिथे उभा असतो. ज्या घरांत निभावलं तिथे क्रम उलटा होता. कुत्रं आणायच्या आधी महिनाभर मुलाने पहाटे उठून दाखवलं. ज्याच्याकडे त्या जातीचं मोठं कुत्रं आहे त्याच्या घरी आई-वडिलांना नेऊन आणलं, म्हणजे पिल्लू नाही, पूर्ण वाढलेलं जनावर त्यांनी पाहिलं. पैदास करणारा नोंदणीकृत आहे का, पिल्लाची आई कशी वागते, हे त्यांच्या देखत विचारलं. कुत्र्यांच्या पैदाशीच्या २०१७ च्या नियमांनुसार आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकता येत नाही. पाच आठवड्यांचं पिल्लू पुढे करणाऱ्याकडून उठून यावं. तिसऱ्या ते चौदाव्या आठवड्यापर्यंत पिल्लू जे पाहतं, ऐकतं, त्याला ते पुढे सहसा घाबरत नाही. आणि मोठ्या कुत्र्यांचा चावा फार वेळा भीतीतून येतो. म्हणून आमच्या पिल्लाला पुतण्या रोज कडेवर घेऊन गल्लीभर फिरवायचा: भोंगा, रिक्षा, बुरख्यातल्या बायका, काठी टेकत जाणारे आजोबा, वरात. लसी पूर्ण व्हायच्या आधी जमिनीवर ठेवायचं नाही, कारण पार्व्हो या आजाराचा धोका असतो आणि रॉटवायलरला तो जास्त.

शेजाऱ्यांचंही घरच्यांइतकंच ऐकावं लागतं. गृहनिर्माण संस्थेला बहुमतानेसुद्धा कुत्रं पाळायला बंदी करता येत नाही, असं भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाने २०१५ मध्ये स्पष्ट केलं आहे. पण तो कागद शेजाऱ्याच्या तोंडावर फेकून मस्तगडच्या गल्लीत राहता येत नाही. समोरच्या घरात चार वर्षांची मुलगी आहे. तिच्या आईला पुतण्याने स्वतः जाऊन सांगितलं की कुत्रं सकाळी साडेपाच आणि रात्री दहा याच वेळी बाहेर येईल, दोरी आखूड असेल, मुसकं असेल. शिवाय घरात सगळ्यांना एक गोष्ट घोकून पाठ करवली. कुठल्याही जातीच्या कुत्र्यापाशी लेकरू एकटं सोडायचं नाही. ते खाताना, झोपलेलं असताना कुणी हात लावायचा नाही. आणि चावलंच तर हळद-चुना न भरता साबणाने वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुऊन तडक दवाखाना, घरच्या कुत्र्याला लस दिलेली असली तरी.

आणि घरच्यांचा विरोध मोडून आणलेल्या कुत्र्याचं पुढे काय होतं? साखळीला. ओसरीच्या खांबाला बांधलेलं कुत्रं महिन्या-दोन महिन्यांत चिडकं होतं, मग खरंच कुणावर तरी धावतं, आणि बदनामी खरी ठरते. त्यानंतर एका रात्री त्याला गाडीत घालून लांब सोडून येतात. हा प्राण्यांच्या छळाचा गुन्हा आहे. १९६० च्या कायद्यात पहिल्या वेळचा दंड मात्र अजूनही दहा ते पन्नास रुपये आहे. उंबरठ्यावर उभं राहून नको म्हणणाऱ्या आजीला लोक कुत्र्यांची वैरी समजतात. मी तर म्हणेन, तिच्या नकारामुळे कितीतरी पिल्लं खांबाला बांधली जाण्यापासून वाचली असतील. ज्या घरात दिवसभर कुणी नाही, लेकरू रांगतं आहे, हौस एकट्याची आहे आणि पाणी विकत घ्यावं लागतं, तिथे घरच्यांनी नको म्हणणंच योग्य आहे, आणि ते ऐकावं.

आमचं रॉकी आता दोन वर्षांचं आहे. अठ्ठेचाळीस किलो. आई त्याला हात लावत नाही, फळीच्या या बाजूला ती आणि त्या बाजूला तो. तिचं मत बदललेलं नाही. गेल्या महिन्यात पुतण्याला पुण्यात नोकरी लागली तेव्हा अण्णांनी एवढंच विचारलं, “तो कुठं राहील?” आणि त्याच्या उत्तराची वाट न बघता म्हणाले, “तू जाशील तिथं.” म्हणून हल्ली पुतण्या रोज संध्याकाळी ओसरीवर बसून खोल्यांसाठी फोन करतो. कुत्रं आहे म्हटल्यावर निम्मे घरमालक फोन ठेवतात. कुठल्या जातीचं हे विचारल्यावर तो लपवत नाही, उरलेल्यांतले बहुतेक तिथे ठेवतात. मग तो लसीच्या पुस्तिकेचा, नसबंदीच्या दाखल्याचा आणि मुसकं घातलेल्या रॉकीचा फोटो पाठवतो, आणि पुण्यात पोहोचल्या पोहोचल्या महापालिकेचा परवाना काढू, असं खाली लिहितो. परवा धायरीच्या एका बाईंनी उलट फोन केला. त्या म्हणाल्या, खोलीचं नंतर बोलू, रविवारी आधी कुत्र्याला घेऊन या, माझ्या सासूबाई बघतील.